लांब धरलेला फोन

स्नेहाला दिवस गेल्याचं कळल्यापासून सासूबाईंनी, म्हणजे राजूबाईंनी, तिच्या कानाला मोबाईल लागू दिला नाही. "रेडिएशन बाळाला बाधतंय. तू स्पीकरवर बोल, फोन मी धरते लांब." त्यामुळे सासरी सगळं छान आहे, एवढंच आईला सांगता यायचं.

सासूबाईंना मराठी येतं, कन्नडही येतं. शेवटी स्नेहाच्या माहेरची, तेलंगणाच्या सीमेजवळच्या औरादची तेलुगू कामी आली. अर्धा तास स्नेहाने मन मोकळं केलं. मायलेकी मध्येच खो खो हसल्यासुद्धा. हात लांब करून बसलेल्या राजूबाई काही हसल्या नाहीत. त्यांनी फोन बंद केला.



"तेलुगूत रेडिएशन लई वाढायलंय म्हनं, स्नेहा. उद्यापासून मराठीतच बोलत जा."