आदरार्थी टू

"सोमवारपासून तुम्ही आमचे नाही," ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं आणि पंखा एक नंबरनं कमी केला, कारण त्यांचे कागद उडत होते.

मशीनवाला खिडकीपाशी उभा होता. खोक्यांच्या त्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या मशीनवर त्याला एकोणीस वर्षं झाली होती. सोमवारी सकाळी आठला बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, कंपनीच्या विम्याच्या कार्डावर. कार्ड चालू असल्याचं पत्र आणि चार दिवसांची रजा, एवढंच न्यायला तो आला होता. शनिवार होता. ऑफिस एकला बंद व्हायचं आणि बारा चाळीस झाले होते.

"आमचे नाही म्हणजे?"

"राजीनामा दिलात ना तुम्ही! मंजूरही झाला." बाईंनी त्याचाच अर्ज त्याच्यापुढे सरकवला. खाली साहेबांची हिरवी सही होती आणि पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा होत्या. माणूस दिलदार होता.

"बाई, मी रजा मागितलीय."

"नाही हो. हे बघा. आय वॉन्ट टू लीव्ह. मला सोडून जायचंय. लीव्ह म्हणजे रजा, कबूल. पण आधी 'टू' लागला की लीव्ह म्हणजे सोडणं. हा 'टू' घातला कोणी?"

'टू' त्यानंच घातला होता. नवे साहेब आल्यापासून अर्ज इंग्रजीतच लागायचा, म्हणून सातवीतल्या मुलीनं लिहून दिला होता: आय वॉन्ट लीव्ह. नक्कल करताना त्याला ते फार उर्मट वाटलं. मला रजा हवी! साहेबांशी असं बोलतात? अर्जाच्या डोक्यावर तर 'टू, द मॅनेजर' असं होतं. म्हणजे 'टू' हा आदरार्थी. तेवढं इंग्रजी त्याला कळत होतं. त्यानं एक 'टू' खालीही घातला, चांगल्या वळणदार अक्षरात.

"आदरानं घातला, बाई."

बाईंना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून खोकलाही थांबवला.

त्याच्या खिशातला फोन वाजला. बायको.

"मिळाली का हो?"

"मिळतेय."

"सही तुमचीच लागणार म्हणे. नवरा हजर नसेल तर आत घेत नाहीत. आणि आवाज का असा झालाय तुमचा? घाबरू नका. रजा तुम्हीच घ्यायचीय. मी एवढ्यात घेत नाही."

तिला असले विनोद सुचत. तो हसला, तिकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

फोन ठेवला तेव्हा बारा सत्तेचाळीस झाले होते.

"बाई, काहीतरी करा. पाया पडतो तुमच्या."

"मी काय करणार? लेखी आहे ते. लेखीच खोडावं लागेल, आणि तेही इंग्रजीत." त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि आवाज खाली आणला. "दोन ओळी लिहा. सोडायचं नाही, त्याला 'टू' लावा. रजा हवी, त्याला लावू नका. आणि हात जोडते, आदर जरा आवरा."

केसाएवढा वाकडा काप लांबून ओळखणारा माणूस, पण दोन ओळी लिहायला त्याला सात मिनिटं लागली. घामानं कागदाचा कोपरा ओला झाला. आय डू नॉट वॉन्ट टू लीव्ह. आय वॉन्ट लीव्ह. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून त्यानं दोनदा तपासलं. वर 'टू' होता, खाली नव्हता. खालची ओळ भारी उर्मट दिसत होती. इलाज नव्हता.

साहेब केबिनमध्ये बॅग बंद करत होते. "काय ते लवकर सांगा," ते म्हणाले, आणि त्याचा कागद टेबलावर अंगठ्यानं दाबून धरला, कारण त्यांच्या डोक्यावरचा पंखा पाच नंबरवर होता. दुसऱ्या हातानं त्यांनी हिरवं पेन उघडलं.

"आय डू नॉट वॉन्ट लीव्ह," साहेबांनी वाचलं. "आय वॉन्ट लीव्ह." त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. "रजा नको. आणि रजा हवी. थट्टा चाललीय का माझी?"

"नाही साहेब. एक नोकरीचं आहे, एक रजेचं."

"शब्द तर एकच आहे."

"मध्ये 'टू' आहे साहेब. पहिल्या ओळीत."

"कुठाय?"

तो साहेबांच्या अंगठ्याकडे पाहत होता. चांगला गुबगुबीत अंगठा, आणि बरोबर 'टू'वर. एकोणीस वर्षांत त्यानं कुठल्याच साहेबाला अमुक हलवा, तमुक उचला असं म्हटलं नव्हतं. ते आदरानं कसं म्हणतात, हेही त्याला माहीत नव्हतं. घड्याळात एकला दोन मिनिटं कमी होती. साहेबांनी मान हलवली आणि 'नामंजूर' लिहायला पेन टेकवलं.

"साहेब!" तो ओरडलाच. "अंगठा उचला! खाली माझी बायको आहे!"

साहेब दचकले. खुर्ची मागे सरकवून ते टेबलाखाली वाकून पाहू लागले. वाकताना तोल जाऊ नये म्हणून त्यांनी सगळा भार टेबलावर टाकला, त्याच अंगठ्यावर.