भवानीचं लिंबू

सुप्रीतानं जेवणाच्या डब्याचं झाकण किलकिलं केलं. आत हिरव्या अळ्या लिंबाचा पाला कुरतडत होत्या. एकीला बोट लागलं, तशी तिनं लाल शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडला.

“तुझ्यापायी माझं नाक कापलं जाणार, आणि वर तूच रागव,” सुप्रीता पुटपुटली.

लग्नाची हळद अजून उतरली नव्हती. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या या सुनेवर सासऱ्यांनी, प्रतापरावांनी, आनेकलच्या लिंबूबागेतलं पहिलं काम मोठ्या विश्वासानं सोपवलं होतं. फुलपाखरांच्या अळ्या पानांवरून वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. पहिल्याच सकाळी ती बादलीपाशी उभी राहिली, पण हात काही धजेना. तेव्हापासून बादलीत नुसता फेस होता. सासूबाई, अंबुबाई, रोज येऊन बादलीत डोकावत, कानडीत “सरी,” म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणत आणि निघून जात. त्यांनी फेस ढवळून पाहिला, की आपलं पितळ उघडं पडणार, अशी सुप्रीताला धास्ती होती.

अळ्या जात होत्या कोपऱ्यातल्या झाडावर. त्याला म्हणत भवानीचं लिंबू. त्याला कधी धड फळ धरलं नाही. पानं सदा खाल्लेली. पण मान असा, की अंबुबाई फुलांनी भरलेला पदर घेऊन रोज पहाटे तिथं जात आणि प्रतापराव दर शुक्रवारी नारळ फोडत.

“बागेची सगळी पीडा आई आपल्या अंगावर ओढून घेते,” ते येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगत. “त्या शेजारच्या विठोजीनं बागेत एवढी औषधं मारली, पण त्याच्याकडे आहे का असं झाड?”

आज नेमका शुक्रवार. सासू-सासरे यायच्या आत डबा रिकामा करायचा म्हणून सुप्रीता अंधुक उजेडातच झाडामागे शिरली. एकेक अळी फांदीवर सोडू लागली. ती चांगली रमली होती, तोच पाठीमागे बांगड्या वाजल्या.

तिनं वळून पाहिलं. अंबुबाई उभ्या होत्या. डबा मागे लपवायलाही उशीर झाला होता.

“अत्ते, माझं चुकलं. मला मारवेना त्यांना. मामंजींना सांगू नका.”

अंबुबाईंनी डब्यात पाहिलं, फांदीकडे पाहिलं. मग खाली वाकून पदराची गाठ सोडली. वरची शेवंती बाजूला सारली. खाली, पाल्याच्या गादीवर, जाड हिरव्या अळ्या वळवळत होत्या.

“सरक स्वल्प,” त्या म्हणाल्या. “आईची ओटी या घरातल्या सुनांनी अशीच भरायची असते. मला माझ्या सासूनं शिकवलंय.”