टोरांटोचं तापमान

"टोरांटो कुठे दाखवायचं, डावीकडे की घड्याळाशेजारी?" परागनं विचारलं.

"घड्याळाशेजारी," सुरुची म्हणाली.

पराग तिचा धाकटा दीर. एरवी उठून पंख्याचं बटण दाबायचाही त्याला कंटाळा, पण कॉम्प्युटरवरचं लिनक्स म्हटलं की तहानभूक विसरायचा. भाईंदर पूर्वेच्या त्या वन-रूम-किचनमध्ये कॉम्प्युटर पार स्वयंपाकघराच्या दाराला टेकलेला. स्क्रीनच्या वरच्या कडेला त्यानं घड्याळ दाखवणारी एक काळी पट्टी बसवली आणि वहिनीसाठी छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या चार ओळी, लिहिली. ती अधूनमधून नेटवरून टोरांटोचं तापमान आणायची आणि पट्टीवर टाकायची.

टोरांटोत सुरुचीचा नवरा होता, उत्तम. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा गेला. आधी दिवाळीत तिला नेणार होता, मग पाडव्याला, मग बघू. बोलावणार की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं. रडणं तर कधीच संपलं होतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसं आतून सगळं बधिर.

रविवारी सकाळी फोन यायचा. त्याआधी पराग पट्टीकडे बघून आपला मोबाईल घेऊन गॅलरीत जायचा. घरात रेंज नसते म्हणे. मग उत्तम बोलायचा. थंडी किती, बर्फ किती, सगळं सांगायचा. पट्टीवर नेमका तोच आकडा असायचा. निदान एक गोष्ट तरी जुळते, असं सुरुचीला वाटायचं आणि बरं वाटायचं.

पुढे तिनं ती स्क्रिप्टही समजून घेतली. कुठली ओळ तापमान आणते, कुठली ते पट्टीवर लिहिते. परागनं हौसेनं शिकवलं. वहिनीचं डोकं चालतं हं, असं त्यानं भावाला फोनवर कौतुकानं सांगितलंसुद्धा.

जानेवारीतल्या एका रविवारी पट्टीवर उणे एकोणीस होतं. पराग "बाप रे" म्हणत गॅलरीत गेला.

थोड्या वेळानं सुरुचीचा फोन वाजला. उत्तम सांगत होता, उणे एकोणीस आहे, दाराबाहेर पाऊल टाकवत नाही, कानाला मफलर गुंडाळून बसलोय. सुरुचीनं जेवलात का विचारलं, जपून राहा म्हटलं आणि फोन ठेवला. मग ओट्यापाशी जाऊन तांदूळ धुवायला घेतले.

"भावजी," ती पाठमोरीच म्हणाली, "शेजारच्या अंबिकामावशींनी ह्यांना इथे जवळच पेणकरपाड्यात दूध घेताना पाहिलं, तर मी त्यांनाच वेड्यात काढलं."

गॅलरीतून आत आलेल्या परागनं मोबाईल खिशात टाकला.

"पट्टीवरचं उणे एकोणीस मी हातानं लिहिलं होतं. टोरांटोत आज पाऊस पडतोय. ह्यांना सांगा, रिक्षा करून या, तिघांचा भात टाकतेय."