सारजाबाईंचा ऑफसाईड

"ऑफसाईड म्हंजे बॉल लायनीच्या भाईर गेला की. त्येच्यात काय येवढं?"

टँकरच्या रांगेत उभ्या राहून सारजाबाई हे नेमकं कुणाला म्हणाल्या, ते कुणालाच कळलं नाही. मागे निळ्या ड्रमवर हात टेकून उभ्या असलेल्या मधुसूदन बीडकरांची मात्र कानशिलं तापली. पण हिवाळ्यात त्यांच्या पत्नी नीरजाबाई गेल्या, तेव्हापासून ते कुणाशी दोन वाक्यांपलीकडे बोललेच नव्हते.

आदल्या उन्हाळ्यात ही रांग त्यांच्या आवाजावर चालायची. गारखेड्याच्या त्या कॉलनीत बोअर आटले होते, आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या आणि रांग लांबत चालली होती. मधुसूदनराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. लहानपणी आमखास मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळले आणि जन्मभर हॉलंडचे भक्त राहिले. हॉलंड तीनदा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हरलं, याचं दुःख ते घरातलं कुणी गेल्यासारखं सांगत. मतं सगळ्याच विषयांवर होती. हिंदी सिनेमा मध्यंतरालाच संपवावा, पुढे दिग्दर्शकालाही काही सुचत नाही. युनोत नकाराधिकार वापरला की पिवळं कार्ड दाखवावं. दुसऱ्यांदा वापरला की तो देश बाहेर. नीरजाबाई शेजारी उभ्या असत. मध्येच म्हणत, "अहो, ड्रम सरकवा पुढे."

आता त्यांचा ड्रम मागचेच लोक सरकवत होते. घरातला टीव्ही बंद होता. पुण्याहून हिमांशू, त्यांचा मुलगा, येऊन म्हणाला होता, "बाबा, तुम्ही दिवसभर भिंतीकडे बघत बसता. इथं काय राहिलंय आता? चला माझ्याकडे." त्यांनी मान हलवली. रविवारी निघायचं ठरलं होतं.

"लायनीच्या भाईर म्हंजे ऑफसाईड," सारजाबाई पुन्हा म्हणाल्या. पैठणकडची शेती सोडून त्या मुलाकडे राहायला आल्या होत्या, बीडकरांच्या समोरच्याच घरात. मॅच बघताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"नाही," मधुसूदनराव म्हणाले.

रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"अजिबात नाही, सारजाबाई. तो ड्रम इकडे आणा. हा गोलकीपर. ही घागर म्हणजे शेवटचा बचावपटू. तुमची कळशी म्हणजे पुढे पळणारा गडी. आता पास निघाला त्या क्षणी कळशी घागरीच्या पुढे असली..."

त्यांनी कळशी पुढे नेली, मागे आणली. रांग पार मोडली. कुणाचा नंबर कुठे गेला, पत्ता नव्हता. एरवी एवढ्यावर भांडणं पेटली असती. टँकर आला, ड्रायव्हर कडुबानं पाइप खांद्यावर घेतला आणि विचारलं, "काका, सोडू का पाणी?"

"थांब रे, पेनल्टी राहिलीय."

कडुबा पाइप धरून थांबला. त्या दिवशी पाणी भरता भरता मधुसूदनराव पेनल्टीवरून सिनेमावर गेले, सिनेमावरून युनोवर. संध्याकाळी त्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज आला. पण बॅग भरलेली होती ती भरलेलीच राहिली. ठरलं ते ठरलं, असा त्यांचा स्वभाव.

रविवारी सकाळी हिमांशूनं गाडी दाराशी लावली, डिकी उघडली. मधुसूदनरावांनी कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. निरोपाला सारजाबाई आल्या. हातात दशम्यांचं गाठोडं होतं. ते त्यांनी हिमांशूकडे दिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भाऊ, येक इचारू का? ह्ये हॉलंड आन पोलंड, सख्खे शेजारी ना? मधी निस्ता बांध."

मधुसूदनरावांनी हातातली बॅग खाली ठेवली.

"कोण म्हणालं? मध्ये अख्खा जर्मनी आहे, सारजाबाई."

"आसंल. पर देश येकाच वळणाचं."

"कुठलं एक वळण? हॉलंडचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. आपण पाणी आणायला टँकर लावतो, ते पाणी बाहेर फेकायला पंप लावतात. अशा जमिनीवर माणूस जागा राखायला शिकतो. म्हणून त्यांचा खेळ जागेचा आहे..."

त्यांनी चपलेच्या टोकानं धुळीत समुद्र काढला, बंधारा काढला. ऊन अंगणात उतरलं. हिमांशू गाडीला टेकून ऐकत राहिला. हा आवाज त्यानं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. थोड्या वेळानं त्यानं डिकी लावली, वडिलांच्या खिशातून अलगद किल्ली काढली आणि बॅग घरात नेऊन ठेवली.

मधुसूदनराव बंधाऱ्याशीच अडखळले. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कुणीतरी त्यांना हेच विचारलं होतं. हॉलंड, पोलंड, मध्ये नुसता बांध. तेव्हाही त्यांनी नकाशा पसरला होता, आणि ताटातलं सगळं निवून गेलं होतं.

"सारजाबाई," ते हळूच म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

सारजाबाईंनी धुळीतल्या समुद्राकडे पाहिलं.

"नीरजाताईंनी. त्या दवाखान्यात व्हत्या, मी डबा घिऊन जायची, तवा माझ्याकडून लई पाठ करून घेतलं. म्हणल्या, ह्ये गप झाले की यातलं कायबी चुकीचं बोलायचं. आन म्हणल्या, मी सोता जलमभर तेच केलं, खरं काय ते मला पयल्यापासून ठावं व्हतं."