टाकीतलं नातवंड

"गोळ्या चुकवता का?" रिपोर्टवरून मान वर न काढताच डॉक्टरांनी विचारलं.

"एक दिवससुद्धा नाही," सून म्हणाली.

"मग रक्तात फॉलिक ॲसिड एवढं कमी कसं? मागच्या वेळेपेक्षाही खाली आलंय."

"मी स्वतःच्या हातानं देते हो हिला," सासूबाई मध्येच म्हणाल्या. सरकारी दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीमागे त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्या तरी घरात ती खिडकी अजून उघडीच होती. रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी प्रत्येकाची गोळी बाटलीच्या झाकणात घालून ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. "पण घेतलेलं अंगी लागायला नको? आता काहींची कूसच तशी, त्याला तुम्ही तरी काय करणार!"

शेजारच्या खुर्चीत नवरा मोबाईल बघत होता. तो बघतच राहिला.

डॉक्टरांनी खण उघडून एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. "हीच घेता ना?"

सुनेनं ते हातात घेतलं. आतल्या गोळ्या बारीक होत्या, पिवळ्याधमक.

"माझी पांढरी असते," ती सावकाश म्हणाली. "आणि गोड लागते. मला वाटलं, कंपनी बदलली असेल."

सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या, तशी त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"विष तर नाही ना घातलं? साखरेची गोळी होती."

"आई, का पण?" नवऱ्याला अखेर वाचा फुटली.

"का म्हणजे? किती वर्षं वाट बघायची मी? दोष हिच्यात, आणि दवाखाने पालथे घालतोयस तू. हे टेस्ट ट्यूबचं एकदाचं फसलं असतं म्हणजे मोकळा झाला असतास. लग्न दुसरंही करता येतं माणसाला. तुझं काय वय गेलंय?" दिवसातून दोनदा, जेवणानंतर, असं समजावून सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं.

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"अगं, इथे कशाला... घरी बोलू ना."

"घरी बोलायची मला सवय नाही." ती सासूबाईंकडे वळली. "आई, दोष माझ्यात कधीच नव्हता. यांच्यात आहे. शस्त्रक्रिया करून यांचं जे काही थोडं बीज मिळालं, ते सगळं या वेळी वापरलं. आता पुन्हा काही मिळायचं नाही. आईला कळता कामा नये, अशी शपथ घातली होती यांनी, म्हणून तुमचं सगळं मुकाट ऐकत आले."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलगा बुटांकडे बघत होता. तेवढ्यानं त्यांना कळायचं ते कळलं.

"मग आता?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"पाच गर्भ तयार झाले होते. चार वाढायचे थांबले."

"माझ्या गोळीमुळे?"

"गोळीमुळेच, असं मी म्हणणार नाही. गोळीमुळे नाही, असंही छातीठोक सांगता यायचं नाही. एक टिकलाय, चांगला आहे. गोठवून टाकीत ठेवलाय. दोन-तीन महिने खरी गोळी घेऊ द्या यांना, मग गर्भाशयात सोडू."

सासूबाईंनी झटकन सुनेचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "सूनबाई, झालं गेलं विसर गं. तुला आता फुलासारखं जपीन. ऊठ म्हणून सांगायचं नाही कुणी तुला."

सुनेनं हात सोडवून घेतला नाही. तिनं डॉक्टरांना विचारलं, "माझ्या सहीशिवाय तो बाहेर काढता येतो?"

"नाही. दोघांची सही लागते."

"यांनी दुसरं लग्न केलं तर?"

"तरी नाही."

"आणि राहतो किती वर्षं?"

"दहा वर्षं ठेवता येतो. पण तेवढं कशाला थांबायचं?" डॉक्टर जरा पुढे झुकल्या. "हे बघा, रागाच्या भरात काही ठरवू नका. आई तुम्हालाही व्हायचंय."

ते तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक होतं? दुकानातल्या लहान झबल्यांवरून हात फिरवून ती कितीदा तशीच बाहेर पडली होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "आहे तिथे राहू द्या."

नवरा "अगं" म्हणाला.

बाहेर पडताना वाटेत प्रयोगशाळा लागली. दार बंद होतं, पण बाहेरच्या भिंतीला काच होती. सत्तरीला टेकलेल्या सासूबाई तिथे थबकल्या. आत पांढऱ्या टोपीतल्या मुलीनं एका टाकीचं झाकण उघडलं, धुरासारखी वाफ जमिनीवर सांडली, आणि झाकण पुन्हा बसलं. सासूबाईंनी कपाळ काचेला टेकवलं. श्वासानं काच धुरकटली. त्यांनी ती घाईघाईनं बोटांनी पुसली.

सून मागे येऊन उभी राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.

"बघा आई, डोळे भरून बघा," ती मऊ आवाजात म्हणाली. "पुढच्या वर्षी परत आणीन तुम्हाला."