शेवटच्या बाकामागे

"ते मूल बाहेर न्या," फळ्याकडे तोंड करूनच डॉक्टर अदेतोना म्हणाला.

मागच्या भिंतीलगत म्हातारी येरझारा घालत होती. पाठीवर कापडात घट्ट बांधलेली तान्ही पोर.

"मूल झोपलंय, मास्तर. तुझा आवाज तेवढा बाहेर ने."

सगळा वर्ग फिसकन हसला. मोरेनिके मात्र वहीत तोंड खुपसून बसली. तान्ही तिचीच. कायद्याचं शेवटचं वर्ष, आणि बाळंतपणात इतके तास बुडालेले, की आता एक जरी चुकला तरी परीक्षेला बसता येणार नव्हतं. बापानं गावाहून, ओग्बोमोशोहून, बजावलं होतं, वर्ष गेलं तर मुकाट्यानं घरी ये आणि दुकानात बस.

तास संपल्यावर अदेतोनानं दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. नात बाळंत झाली की आजीनं गाठोडं उचलून यायचं, ही तर रीतच. त्याचं त्याला नवल नव्हतं. पण आजीनं थेट वर्गात यावं?

"तुमच्या नातीला नियम लागू होतात, आजी."

"मग तिच्या लेकीच्या भुकेलाही लाव की. घटकेघटकेला दूध मागते. जरा वाचून दाखव तिला तुझा नियम."

"आजी, गप्प बस ना गं," मोरेनिके पुटपुटली.

"मी काही दगड नाही," अदेतोना म्हणाला. "माझी आई याच इमारतीत कायदा शिकली. मी तान्हा होतो तेव्हा. तिनं कुणापुढे हात पसरला नाही. सगळं एकटीनं निभावलं."

"एकटीनं?"

"एकटीनं."

"आणि तुला कुठे ठेवायची? खुंटीला टांगून?"

अदेतोनानं टेबलावरचे कागद सारखे केले. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. शिकलेल्यांना जगातले सगळे प्रश्न पडतात, घरचा तेवढा पडत नाही.

"ठेवत असेल कुठेतरी." त्याची बोटं कानाच्या पाळीशी चाळा करू लागली. अवघडला की ती आपसूक तिथे जात. "आता विचारायचीही सोय नाही. गेल्या वर्षी गेली ती."

म्हातारी समोरच्या खुर्चीवर बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं. पाठीवर मूल असताना ती कधी टेकत नसे. थकली असेल, असं त्याला वाटलं.

ती म्हणाली, "मग आता तुला लाडाच्या नावानं कोण हाक मारतं?"

अकान्नी. तान्हेपणी कानात गुणगुणलेलं नाव. ते घरातल्या थोरल्यांनीच घ्यायचं, उंबऱ्याबाहेर त्याचा उच्चार नाही. विद्यापीठात ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यानं कधी कुणाला सांगितलंही नव्हतं.

"कोणी नाही," तो म्हणाला, आणि कोण जाणे का, नरमला. "बसा मागे. पण मूल एकदा जरी रडलं, तर मोरेनिके परीक्षेला बसणार नाही."

"रडणार नाही," म्हातारी म्हणाली. कायदा जणू तीच लिहीत होती.

एकदा मात्र वेळ आली होती. भर दुपारी वीज गेली आणि खिडकीखालचा जनरेटर खोकत, गुरगुरत सुरू झाला. तान्ही दचकली. हनुवटी थरथरली, तोंड उघडलं. सगळ्या माना मागे वळल्या. मोरेनिकेच्या हातातलं पेन थांबलं.

म्हातारी जराशी वाकली, झुलली आणि खालच्या सुरात गुणगुणू लागली. "अशाके... निवडून लाड केलेली माझी अशाके... कुणाची तू? सगळ्यांची तू..."

आवाज मोठा नव्हता, गोडही नव्हता. जमिनीच्या पोटातून यावा तसा येत होता. पण त्यापुढे जनरेटर कुणाला ऐकू येईना. तान्हीनं एक लांब सुस्कारा सोडला आणि मान टाकली. पुढच्या वर्षी न्यायालयं गाजवायला निघालेली ती आडदांड पोरं देवळात बसावं तशी चिडीचूप बसली होती. एकाचेही डोळे कोरडे नव्हते, आणि का ते एकालाही सांगता आलं नसतं.

अदेतोनाचा खडूचा हात हवेतच राहिला. अर्ध्यावर सोडलेलं वाक्य त्याला आठवेना. दुसऱ्या हाताची बोटं कानाशी गेली होती, आणि भर दुपारी उभ्याउभ्या त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या.

मोरेनिकेचा एकही तास चुकला नाही. ती पास झाली.

पदवीदानाला ओग्बोमोशोहून अख्खं घराणं आलं. बापापासून चुलत-मावस भावंडांपर्यंत सगळे एकाच निळ्या कापडात. समारंभाला घरच्यांनी एकाच ताग्यातलं ल्यायचं. त्या कापडात नाही तो घरचा नाही. म्हातारी लांब आंब्याखाली उभी होती, आपल्या जुन्याच तपकिरी कापडात.

अदेतोनाचं डोकं फिरलं. तो तडक मोरेनिकेच्या बापासमोर जाऊन उभा राहिला. "स्वतःच्या आईला कापड द्यायला विसरलात?"

"आईला?" बाप गोंधळला. "डॉक्टर, माझी आई आणि सासू, दोघीही मोरेनिकेच्या जन्माआधीच गेल्या. ती म्हातारी तुमचीच ना? विद्यापीठानं ठेवलेली?"

"आमची? नाही."

 मग अदेतोना आंब्याकडे चालू लागला.

अशाके दुडक्या पावलांनी आईच्या काळ्या झग्याकडे निघाली होती. म्हातारीची पाठ मात्र रिकामी नव्हती. तिथे दुसरंच एक इवलंसं तान्हं विसावलं होतं. शेजारी पहिल्या वर्षाची एक पोर पुस्तकं छातीशी धरून, रडून सुजलेल्या डोळ्यांनी उभी होती.

"जा. तास सुरू होईल," म्हातारी तिच्यावर खेकसली. "मी आलेच मागून."

"आजी," अदेतोना म्हणाला. "तुम्ही आहात तरी कुणाच्या?"

म्हातारीनं छातीवरची गाठ आवळली, पाठीवरचं मूल एकदा हलकेच झुलवून सारखं केलं, आणि त्याच्या हाताकडे बघितलं.

"कान सोड, अकान्नी," ती म्हणाली. "अजून कानच धरतोस होय?"