अंगठ्याची जागा

"स्कॉलरशिपचा कागद हाय. खाली अंगठा टेका, बास," द्वारका म्हणाली आणि तिनं शाईचा पॅड नवऱ्यापुढं धरला. धादांत खोटं. अठरा वर्षांच्या संसारात ती महारुद्राशी पहिल्यांदाच खोटं बोलत होती.

तेर गावच्या शिवाराबाहेर एका रानात त्यानं खतासाठी मेंढरं बसवली होती. शाळेपासून इथवर ती पळतच आली होती. शाळेचे क्लार्क शरणबसप्पा सगळे अर्ज घेऊन चारच्या एसटीनं निघणार होते. आज हा कागद गेला नाही, तर हर्षालीला दहावीच्या परीक्षेत लेखनिक मिळणार नव्हता. आणि लेखनिक नाही म्हणजे पोरगी नापास, ही काळ्या दगडावरची रेघ.

हर्षालीला येत सगळं होतं. विचारा, धडाच्या धडा तोंडानं सांगायची. पण हात! पेन धरलं की अक्षरं ओळ सोडून उताराला लागायची. पंधरा वर्षांची घोडी झाली तरी गणवेशाची बटणं आईनंच लावायची. त्यात दिवाळीनंतर डेंग्यूनं तिला तीन आठवडे झोपवलं. उठून शाळेत गेली, तर पायरीवरून पडून मनगट मोडून बसली. डावं मोडलं, हेच नशीब म्हणायचं. प्लास्टर निघालं, पण पोरीचं मन काही उभं राहीना. आज सकाळी ताटावरून उठत म्हणाली, "आई, मला शाळेतून काढ. माझ्याच्यानं व्हत न्हाय गं."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं होतं, डिस्प्रॅक्सिया. पोरीची अक्कल शाबूत आहे, मेंदूनं सांगितलेलं हातापर्यंत नीट पोचत नाही, एवढंच. घरच्यांना कळावं म्हणून बाईंनी सगळं मराठीतच लिहून दिलं.

पण कळायचं कुणाला? महारुद्र म्हणजे गावातला अंगठेबहाद्दर. एसटीची पाटीसुद्धा त्याला द्वारकेनं वाचून दाखवायची. तसा माणूस जीव लावणारा. रोज सकाळी फेटासुद्धा बायकोच्याच हातून बांधून घ्यायचा, आणि त्यावरून भावकी त्याची यथेच्छ टिंगल करायची. लोकर कातरायच्या दिवशी मात्र त्याला कुणी मेंढरांजवळ फिरकू देत नसे. एकदा त्यानं दोन मेंढ्या रक्तबंबाळ केल्या होत्या.

अन् शाळेचं नाव काढलं की ह्याच माणसाचं डोकं फिरायचं. गेल्या महिन्यात मुख्याध्यापिकांनी पहिला अर्ज पुढं केला, तर त्यानं तो सगळ्यांदेखत टराटरा फाडला. "हात हायेत की तिला! आळस हाय नुसता. दोन छड्या हाणा, सरळ लिहील." बापच आडवा आला म्हटल्यावर त्या बाईही अडून बसल्या. आता बापाची सही नाहीतर अंगठा आणा, तरच अर्ज पुढं जाईल, म्हणाल्या.

म्हणून ही लबाडी.

महारुद्रानं कागद घेतला आणि बघतच राहिला. मागं डॉक्टरीणबाईंचा कागद टाचला होता, तोही त्यानं उलटून बघितला. अंगठ्याची जागा शोधतोय, असं द्वारकेला वाटलं.

"अवं, खाली हाय बघा, उजव्या अंगाला. साडेतीन वाजायलेत. टेका की!"

तो हलेना. एक मेंढी कळपातून फुटून शेजारच्या ज्वारीत शिरली, तरी त्यानं मान वर केली नाही. द्वारकेचा धीर सुटला. ती मटकन खाली बसली आणि तिनं त्याचे पाय धरले.

"पोरगी मरंल वो माझी. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पर येवढा अंगठा द्या."

"द्वारके," महारुद्र म्हणाला, "ह्यात स्कॉलरशिप कुठंच न्हाय."

तिच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यानं ओळीवर बोट ठेवलं आणि घडाघडा वाचायला लागला. "बटण लावता न येणे. गाठ मारता न येणे. हातातून वस्तू पडणे. बुद्धी चांगली असूनही नीट लिहिता न येणे. यात मुलीचा काहीही दोष..." त्यानं कागद पुन्हा उलटून बघितला. "आळस कुठं हाय गं ह्यात? म्या दोनदा बघितलं. आळस लिहिलेलाच न्हाय."

द्वारका त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "तुमाला वाचता येतंय?"

"चौथीपस्तोर वाचनात पयला होतो. पर वाचता येतंय म्हणलं की लोक लिही म्हणतेत. अन् मग छडी." तो स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाला, "गुरुजी म्हणायचे, आळशी हाय. म्या बी तेच खरं धरून चाललो."

घाईघाईनं पदरानं डोळे पुसून तिनं पॅड पुढं सरकवला. त्यानं तो बाजूला केला.

"पेन दे."

चार अक्षरांचं नाव, पण त्याला घाम फुटला. जीभ दातात धरून तो कागदावर वाकला. द्वारका त्याच्या खांद्यावरून बघत होती. पहिलं अक्षर कसंबसं रेघेवर बसलं, पुढची तिन्ही अक्षरं ओळ सोडून उताराला लागली.

अक्षर थेट हर्षालीचं होतं.